जोडीचा नियम

हाब्बो साटहोफनं एक बटण मागितलं होतं. फार मोठं काही नाही. बोटानं दाबता येईल असं साधं बटण.

फेब्रुवारी महिना होता. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या नॉर्डनच्या धावपट्टीशेजारी कंपनीचं हँगर होतं आणि त्याच्या माडीवर कंपनीची सगळी एकवीस माणसं बैठकीला बसली होती. बाहेर पाऊस आडवा मारत होता. आत चहाची तिसरी किटली रिकामी होत आली होती. हाब्बो चौपन्न वर्षांचा. त्यातली सव्वीस वर्षं त्यानं याच किनाऱ्यावरून समोरच्या बेटांवर छोटी विमानं नेली-आणली होती. बाळंतपणाला निघालेल्या बायका, दातदुखीनं कळवळणारे मास्तर, लग्नाचे केक, एकदा तर शवपेटीसुद्धा. आता तो या कंपनीचा चाचणी-वैमानिक होता आणि खाली उभी असलेली ‘लिना’ उडवणं हे त्याचं काम होतं.

लिना म्हणजे विजेवर चालणारं नऊ माणसांचं विमान. तिच्या नाकावर पंखा नव्हता. दोन्ही पंखांच्या मागच्या कडेला आठ-आठ छोटे विजेचे पंखे ओळीनं बसवलेले होते. ते पंखावरची हवा मागे ओढून घेत. त्यामुळे हवा पंखाला चिकटून वाहायची आणि विमान अगदी हळू चाललेलं असतानाही त्याला भरपूर उचल मिळायची. उतरताना उलटा खेळ. टोकाकडचे पंखे वाऱ्यावर नुसते गरगरू द्यायचे, म्हणजे ते हवा अडवून विमानाला मागे खेचत. अंगालगतचे पंखे मात्र जोरात चालवायचे, म्हणजे उचल टिकून राही. बेटांवरच्या धावपट्ट्या वीतभर लांबीच्या. तिथं असं विमान हवंच होतं.

कोणता पंखा कधी किती फिरवायचा हे वैमानिकाच्या हातात नव्हतं. ते फेन्ना हार्बर्ट्सनं लिहिलेला नियम ठरवायचा, सेकंदाला दोनशे वेळा. फेन्ना सदतीस वर्षांची, ग्रेटसीलजवळच्या एका गोठेवाल्याची मुलगी. ब्राउनश्वाइग शहरात, विमानांवर वारा सोडून ती तपासणाऱ्या बोगद्यात बारा वर्षं काढून ती गावाकडे परत आली होती. नियमातला तिचा सगळ्यात लाडका भाग म्हणजे जोडी. डाव्या पंखावरचा पाचवा पंखा बंद पडला, तर उजवीकडचा पाचवाही त्याच क्षणी शांत करायचा. नाहीतर एका बाजूला उचल जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, आणि विमान कुशीवर पडून खाली. एखादी जोडी गेली तरी उरलेल्या सात जोड्या लिनाला सहज पेलत असत.

“ती जोडी तोडून, नियमानं थांबवलेले पंखे पुन्हा चालू करायचं एक बटण दे मला,” हाब्बो म्हणाला. “बाकी सगळं तुझंच राहू दे.”

“कशाला?”

“लागलं तर.”

“लागणार नाही. तुझा हात हलायला पाव सेकंद लागतो. तेवढ्यात माझा नियम पन्नास वेळा हिशेब करून मोकळा होतो.”

“आणि हिशेबच चुकला तर? पन्नास वेळा तोच चुकीचा हिशेब करेल की!”

लोक हसले. फेन्नाही हसली. “प्रत्येक पंख्याला वेग मोजणारी तार आहे, हाब्बो. तार सांगते तेच नियम ऐकतो. तुझ्यासारखं त्याला स्वप्न पडत नाही.”

“मला स्वप्नं पडतात ती चांगली असतात.”

डॉक्टर क्वाडे, कंपनी काढणारे गृहस्थ, दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. ते म्हणाले, “बटण वाढवलं की ते चुकून दाबलं जाण्याचा धोकाही वाढतो. फेन्ना, तुमचं मत काय?”

“नको,” फेन्ना म्हणाली.

हाब्बोनं खांदे उडवले आणि कपात चहा ओतून घेतला. त्याला राग आला नव्हता. त्याला फेन्ना आवडायची. आपल्याला मुलगी असती तर ती अशीच हट्टी झाली असती, असं तो बायकोला म्हणायचा.

एप्रिलच्या सतराव्या तारखेला सकाळी साडेनऊला लिना अकराव्यांदा उडाली. आभाळ स्वच्छ होतं, वारा जवळजवळ नव्हता. किनाऱ्याच्या बांधापलीकडचं समुद्राचं पाणी ओसरत चाललं होतं. ओहोटी पूर्ण व्हायला पाऊण तास होता. मैलोन्‌मैल करडा चिखल उघडा पडत होता आणि मधूनमधून पाण्याच्या नाळा चकाकत होत्या. हाब्बो एकटाच विमानात होता. माडीवरच्या खोलीत फेन्ना, क्वाडे आणि बॅटऱ्यांचं काम बघणारा टिलमान, असे तिघे पडद्यांसमोर बसले होते. लिनाकडून आकडे येत होते. तिच्याकडे इथून फक्त आवाज जाऊ शकत होता.

पहिली चाळीस मिनिटं सगळं लोण्यासारखं चाललं. मग बेटाला वळसा घालून येताना हाब्बो म्हणाला, “समुद्राकडून धुकं येतंय. मघाशी क्षितिजावर होतं. आता माझ्या पाठीवर आहे.”

“परत ये,” क्वाडे म्हणाले.

“येतोच आहे.”

एप्रिलमध्ये असं होतं. पाणी अजून बर्फासारखं असतं, हवा एकाएकी उबदार होते, आणि उन्हातल्या उन्हात पांढरी भिंत चालत येते. सहा मिनिटांत लिना त्या भिंतीत होती. फेन्नाला त्यात काळजी वाटली नाही. बाहेर काही दिसत नसलं तरी हाब्बो नुसत्या उपकरणांच्या भरवशावर उतरू शकत होता.

दहा वाजून बावीस मिनिटांनी डावा सहावा पंखा शून्यावर गेला. नियमानं तत्क्षणी उजवा सहावा थांबवला.

“सहावी जोडी गेली,” फेन्ना म्हणाली. “काही नाही. सात आहेत.”

“कळलं. विमान जरासं बसल्यासारखं झालं.” उंची दोनशे साठ मीटर.

मग डावा पाचवा गेला. उजवा पाचवा थांबला. दोनशे चाळीस.

फेन्ना खुर्चीत पुढे सरकली. दोन मोटारी अर्ध्या मिनिटात जळत नाहीत. तिनं तापमान पाहिलं. पाचवा आणि सहावा दोन्ही होते तसेच गरम होते, आकडा शून्य झाला त्या क्षणी विजेचा प्रवाहही चालू होता. म्हणजे पंखे फिरत होते! थांबलेला होता तो फक्त आकडा. डाव्या पंखातल्या कुठल्यातरी डबीत धुक्याचं पाणी शिरलं होतं आणि तारा खोटं सांगत होत्या. खोटं ऐकून नियम त्या चांगल्या पंख्यांची वीज तोडत होता आणि उजवीकडचे त्यांचे जोडीदारही थांबवत होता. इमानानं, सेकंदाला दोनशे वेळा.

मग डावा चौथा. दोनशे दहा मीटर.

“फेन्ना,” हाब्बोचा आवाज आला, “विमान सरळ आहे, पण खाली चाललंय. जोर मागतोय, मिळत नाही. काय करू?”

एक उपाय होता. सगळे सोळा पंखे एकदम बंद करून पुन्हा सुरू करायचे. सुरू होताना नियम तारांवर विसंबत नसे, मोटारींची वीज मोजून पंखे चालवायचा. पण परत जोर यायला वीस सेकंद लागत. तेवढा वेळ लिना दगडासारखी, सेकंदाला नऊ मीटर खाली जाणार. नऊ विसे एकशे ऐंशी. दोनशे दहातून एकशे ऐंशी गेले, तर तीस उरतात. तीस मीटर पुरतील? वीस सेकंद हे कारखान्यातलं मोजमाप होतं. थंड बॅटरीवर बावीस लागले तर? आणि आपलं निदान चुकलं असलं, पंखे खरंच थांबले असले, तर आपण सांगून माणसाला मारू. तिनं पुन्हा एकदा तापमान पाहिलं. पुन्हा एकदा प्रवाह पाहिला. पुन्हा गुणाकार केला.

यात सहा सेकंद गेले. आता उंची एकशे ऐंशी होती, आणि एकशे ऐंशीतून एकशे ऐंशी गेले की काहीच उरत नव्हतं.

“फेन्ना?”

“पंखे ठीक आहेत,” ती म्हणाली. “तारा खोटं सांगतायत. मी... हाब्बो, मला इथून तुझ्यासाठी काही करता येत नाही.”

“बरं,” तो म्हणाला. जणू तिनं दुकान बंद असल्याचं सांगितलं होतं. “मग चिखलात बसवतो.”

तिसरी जोडी. दुसरी जोडी. आकडे उतरत गेले. विमान शेवटपर्यंत सरळ होतं. एक अंशही कलंडलं नाही. दहा वाजून चोवीस मिनिटांनी उंचीचा आकडा शून्य झाला. टिलमान उभा राहिला आणि पुन्हा बसला. क्वाडेंनी टेबलाची कड धरून ठेवली होती.

एक मिनिट गेलं असेल. मग खरखर झाली.

“मोइन,” हाब्बोनं रोजच्यासारखा नमस्कार घातला. “मी आहे.”

फेन्नाच्या तोंडून कसलातरी आवाज निघाला.

“नाक चिखलात घुसलंय. नारिंगी मूठ ओढून बॅटरी तोडली, तेव्हा माशासारखा तळून निघणार नाही. हा रेडिओ वेगळ्या बॅटरीवर आहे. डावा पाय मात्र पेडलांत अडकलाय. मोडलाय बहुतेक. मला बघवत नाहीये.”

“कुठं आहेस?”

“तुझ्या पडद्यावर असेन की. माझ्या काचेत तर नुसतं दूध आहे.”

तो बांधापासून चार किलोमीटरवर होता, एका नाळेच्या काठाला. ओहोटीचं शेवटचं टोक गाठून पाणी नुकतंच उलटं फिरलं होतं. या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला याचा अर्थ घड्याळाकडे न बघता कळतो. फेन्नाला कळला. दीड-दोन तासांनी तिथं पाणी येणार. तीन तासांनी माणूस बुडेल एवढं होणार.

क्वाडे फोनवर होते. जीवरक्षकांची होडी निघाली, पण ती नाळेच्या तोंडाशी थांबली. पुढे तिला तरंगायला पाणी नव्हतं. निदान नव्वद सेंटिमीटर पाणी चढल्याशिवाय ती लिनापर्यंत पोचूच शकत नव्हती. हेलिकॉप्टर तयार होतं, पण धुक्यात खालचं काहीही दिसत नव्हतं. वैमानिक म्हणाला, मी वर घिरट्या घालीन, फट मिळाली तर उतरेन. राहिली पायवाट. चिखलातून लोकांना बेटावर चालत नेणारी गेशे उफेन नावाची बाई बांधाजवळच राहायची. तिला फोन केला तेव्हा ती बटाटे सोलत होती.

“चार किलोमीटर, धुकं, आणि पाणी मागे लागलेलं,” ती म्हणाली. “दोन माणसं द्या मला अग्निशमनातली. दणकट द्या, बडबडी नकोत. होकायंत्र माझं मी आणते.”

“पण तुम्ही परत कशा याल?” क्वाडेंनी विचारलं.

“परत? परत होडीनंच येणार. होडी आली तर.”

अकराला दहा कमी असताना ती आणि दोन गडी घसरगाडीवर लोखंड कापायचं यंत्र घालून चिखलात उतरले. निघण्याआधी त्यांतल्या एकानं फेन्नाला फोनवर विचारलं, “विमानाला हात लावला तर धक्का बसेल का? खारं पाणी असेल तिथं.”

फेन्नानं टिलमानकडे पाहिलं. टिलमान पांढरा पडला होता. “मूठ ओढलीय म्हणजे बसू नये,” तो पुटपुटला. “पण बॅटरीची पेटी फुटली असेल तर... मला सांगता येत नाही.”

“आम्हाला माहीत नाही,” फेन्ना फोनवर म्हणाली.

“बरं,” तो माणूस म्हणाला, “निघतो आम्ही.” त्या दिवशी तिला सगळेच बरं म्हणत होते.

मग वाट बघणं सुरू झालं. क्वाडेंनी रेडिओ फेन्नाच्या हातात दिला. “त्याच्याशी बोलत राहा,” ते म्हणाले. “झोपू देऊ नका. थंडी आहे.” आणि ते जिन्यात जाऊन बसले. तिथून त्यांच्या नाक शिंकरण्याचा आवाज येत होता.

काय बोलायचं? फेन्ना म्हणाली, “गेशे निघालीये.”

“गेशे? देवा. ती मला वाटेत शिव्या घालत येईल. तिच्या भाचीच्या लग्नात मी तिच्या पायावर नाचलो होतो.”

“आता तिला सूड घेता येईल.”

“माझा एकच पाय मोकळा आहे म्हणावं, जपून.”

तो हसला आणि मग थोडा वेळ काहीच बोलला नाही. फेन्नानं त्याला हाक मारली, पुन्हा मारली.

“आहे,” तो म्हणाला. “दुखतंय गं. इतका वेळ दुखत नव्हतं.”

साडेअकराला हाब्बोची बायको टाल्के आली. तिचं केस कापायचं दुकान होतं. कुणाचे तरी केस रंगवता रंगवता ती तशीच आली होती. हातांत तांबड्या डागांचे रबरी मोजे होते आणि तिला त्याचं भान नव्हतं. फेन्नानं उठून तिला खुर्ची दिली, रेडिओ दिला, कळ कशी दाबायची ते दाखवलं.

“हाब्बो?”

“टाल्के! तू दुकान उघडं टाकून आलीस?”

“मिसेस ओलिगसच्या डोक्याला रंग लावून ठेवलाय. अर्ध्या तासात धुतला नाही तर हिरव्या होतील त्या.”

“होऊ देत. त्यांना शोभेल.”

“थंडी वाजतेय का?”

“वाजतेय.”

“आतला लोकरीचा सदरा घातला होतास का सकाळी?”

“नाही,” तो म्हणाला.

“सांगून सांगून माझी जीभ झिजली,” टाल्के म्हणाली, आणि मग तिनं कळ सोडून दिली, कारण पुढचं त्यानं ऐकू नये असं तिला वाटलं.

सव्वाबाराला हाब्बो म्हणाला, “पाणी आलं.” आधी ते चाकाशी खुळखुळत होतं. मग पायाच्या कातडीला लागलं. तो दर पाच-सहा मिनिटांनी सांगायचा आणि फेन्ना कागदावर वेळ लिहायची. घोटा. नडगी. बैठक. लिहून काय होणार होतं हे तिला ठाऊक नव्हतं. होडीवाले दर दहा मिनिटांनी विचारत, किती चढलं? ती सांगायची. तेव्हा ते म्हणत, अजून नाही. पाणी चढावं म्हणजे होडी जाईल, आणि पाणी चढू नये म्हणजे हाब्बो वाचेल. कुणासाठी काय मागावं तेच तिला समजेना. टाल्के तिच्या शेजारी बसून रबरी मोज्यांची बोटं एकेक करून ओढत होती, सोडत होती.

एकला वीस मिनिटं कमी असताना रेडिओवर दुसराच आवाज आला. “गेशे बोलतेय. पोचलो. हा मूर्ख निळा पडलाय, पण शिव्या देतोय.”

टाल्केनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

यंत्र चालू झालं, पण जो दांडा कापायचा होता तो चिखलात आणि पाण्यात खोल होता. तिथवर ते पोचत नव्हतं. दोन गडी हातांनी चिखल उपसत होते. जेवढा उपसत तेवढा परत भरत होता. गेशे हाब्बोच्या मागे आसनावर चढून त्याच्या काखांत हात घालून बसली, त्याला अंगाची ऊब देत आणि मान वर धरत. मधूनमधून ती रेडिओवर सांगायची, “कंबर.” मग “बेंबी.” मग नुसतं, “वर येतंय.”

होडी एक वाजून अडतीस मिनिटांनी विमानाला लागली. तोवर पाणी हाब्बोच्या छातीच्या वर होतं आणि तो बोलायचा थांबला होता. होडीवरचा एक जण श्वास रोखून पाण्याखाली गेला, तीनदा गेला, आणि तिसऱ्या खेपेला पेडलचा दांडा वाकला. दोन वाजता गेशेनं सांगितलं, “होडीत आहे. श्वास चालू आहे.” त्यानंतर अर्ध्या तासानं धुकं गेलं, आलं तसंच, आणि हँगरच्या खिडकीतून लखलखीत ऊन आत आलं. दूर पाण्यावर लिनाच्या शेपटीचा पांढरा तुकडा दिसत होता.

हाब्बो वाचला. डावा पाय मात्र गुडघ्याखाली काढावा लागला. तीन तास रक्त पोचलं नव्हतं. फेन्ना दवाखान्यात चार वेळा गेली. पहिल्या तिन्ही वेळा टाल्के दाराशीच म्हणाली, “झोपलाय.” चौथ्या वेळी तो जागा होता आणि फेन्नाला बघून म्हणाला, “बटण दिलं असतंस तर दाबलं असतं.” त्यानं ते तिला दुखवायला म्हटलं नाही. एक खरी गोष्ट म्हणून म्हटलं. त्यानंतर फेन्ना गेली नाही.

कंपनी उन्हाळ्यात बंद झाली. उरलेले पंखे, मोटारी, कागद, सगळं खोक्यांत भरून कुठंतरी गेलं. फेन्नाला बोलावणारे बरेच होते. तिनं एमडेनला पवनचक्क्यांची देखभाल करणाऱ्या लोकांकडे काम धरलं. अपघाताची चौकशी मात्र चालूच होती. तिला तीनदा बोलावलं. ती दरवेळी ते सहा सेकंद सांगायला गेली. दरवेळी समोरच्या माणसानं आकडे पाहिले आणि म्हटलं, त्या वेळात निर्णय होणं अपेक्षित नाही. अहवाल मार्चमध्ये आला. डबीचं झाकण, रबराची कड, धुकं यांवर बावीस पानं होती. तिच्याबद्दल एकच वाक्य होतं: नियमानं ठरल्याप्रमाणे काम केलं. तिनं ते स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. कुणीतरी आपल्याला ओरडावं, दोष द्यावा, म्हणजे निदान काही मान खाली घालून ऐकता येईल, असं तिला वाटत राहिलं. कुणी ओरडलं नाही.

मग एके दिवशी हाब्बोचाच फोन आला. “अहवाल आलाय. मला त्यातलं निम्मं कळत नाही. येऊन समजावून सांग.”

हागे गावात त्याचं विटांचं बैठं घर होतं. तो दार उघडायला स्वतः आला, कुबडी न घेता. नवा पाय विजारीत दिसत नव्हता, फक्त पाऊल टाकताना किंचित उशीर व्हायचा. टाल्के कामावर होती. त्यानं टेबलावर कागद, पेन्सिल, आणि अहवाल ठेवला होता. अहवालात चिठ्ठ्या खोचलेल्या होत्या.

फेन्नानं पंख काढला, पंखे काढले, तारा काढल्या. तो मधेमधे विचारायचा, ती सांगायची. तासभर गेला. मग त्यानं एका पानावर बोट ठेवलं. नकाशा होता तो.

“इथं मी चिखलाकडे वळलो,” तो म्हणाला. “डावीकडे बेटाची वाळू होती. कोरडी. तिथं बसवलं असतं तर पाणी आलं नसतं. लोक धावत आले असते, अर्ध्या तासात मी बाहेर असतो. दोन पायांनी. वर्षभर रोज सकाळी मी हेच बघतो. सव्वीस वर्षं उडवून ऐन वेळी मी चुकीकडे वळलो.”

फेन्ना त्याच्याकडे बघत राहिली. वर्षभर तिला वाटत होतं, तो रोज सकाळी तिला बघत असेल.

तिनं पेन्सिल घेतली. वेग लिहिला, उंची लिहिली, उरलेल्या जोड्या लिहिल्या. “तुझ्याकडे बाराशे मीटर होते. वाळू एकवीसशेवर होती. मधे खोल नाळ आहे. तू तिकडे वळला असतास तर नाळेत पडला असतास, आणि तिथं ओहोटीलाही चार मीटर पाणी असतं.”

“नक्की?”

“नक्की.”

“म्हणजे मी बरोबर केलं.”

“तुला करण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते तू केलंस.”

त्याचा चेहरा सैल झाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते पुसलं नाही. फेन्नाला इथंच थांबता आलं असतं. पण ती म्हणाली, “मला मात्र करण्यासारखं होतं.” आणि तिनं दोनशे दहा मीटरचं सांगितलं. बंद करून सुरू करायचं, वीस सेकंद, तीस मीटर उरले असते ते. आपण तापमान दोनदा का पाहिलं ते. सहा सेकंद.

तो ऐकत होता.

“जमलं असतं?” त्यानं विचारलं.

“माहीत नाही. डबी ओलीच होती. कदाचित पुन्हा तेच झालं असतं. कदाचित तू तीस मीटरवरून जमिनीवर आपटला असतास. कदाचित घरी आला असतास.”

“हं.”

“अहवालात नाही ते.”

“पाहिलं मी. नाही.” त्यानं पेन्सिल उचलली आणि पुन्हा ठेवली. मग तो म्हणाला, “आता जा तू, फेन्ना. पुन्हा ये. पण आज जा.”

ती उठली. कोट घालताना तिचा हात बाहीत जाईना. तो बसूनच राहिला, खिडकीकडे तोंड करून. मदत करायला उठला नाही, आणि तिलाही ते बरं वाटलं.

तीन आठवडे ती गेली नाही. मग मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी, तो ये म्हणाला होता म्हणून गेली. तो घरामागे वाफ्यात होता. बटाट्यांच्या ओळी आखायच्या होत्या आणि त्याला एका गुडघ्यावर नीट टेकता येत नव्हतं. तिला बघून तो हसला नाही, रागावलाही नाही. त्यानं दोरीचं एक टोक तिच्या हातात दिलं.

“तिकडे खुंटीपाशी धर,” तो म्हणाला. “ताठ. अजून ताठ.”

ती खुंटीपाशी जाऊन ओणवी झाली आणि दोरी ताणून धरली. तो दुसऱ्या टोकाकडून फावड्यानं सरी ओढत हळूहळू, दर पावलाला थोडा थांबत, तिच्याकडे येऊ लागला.